आपण राहतो ते बेट : साष्टीचा भूगोल, साष्टीचा इतिहास



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘साष्टी बेट’. पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, “सर, म्हणजे गोव्यातलं का?” (हशा) त्यांची चूक नाही. गोव्यात मडगावच्या बाजूला साष्टी तालुका आहेच, आणि तो प्रसिद्धही आहे. पण मी ज्या साष्टीबद्दल बोलणार आहे, तिथे जायला तिकीट काढावं लागत नाही. तुम्ही आत्ता तिच्यावर खुर्च्या टाकून बसला आहात.

मी शिकलो आणि शिकवलं ते तत्त्वज्ञान. त्यामुळे सवयीनं पहिला प्रश्न व्याख्येचा. बेट म्हणजे काय? शाळेत आपण पाठ केलं : चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग. आता काशीगावातून चारी दिशांना जाऊन बघा. उत्तरेला घोडबंदरपर्यंत गेलात की वसईची खाडी. पूर्वेला ठाण्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी. पश्चिमेला उत्तन, गोराई, मग अरबी समुद्र. दक्षिणेला वांद्र्याच्या टोकाला माहीमची खाडी. राजमाचीच्या डोंगरातून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला पोचते. तिचं मुख्य पाणी पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला जोडला जातो. त्या फाट्यामुळे चौथी बाजू पूर्ण होते. म्हणजे शाळेतली व्याख्या लागू पडते.

मुंबईची सात बेटं सगळ्यांना ठाऊक असतात. पण ती सात बेटं माहीमच्या आणि शीवच्या खाडीशी संपतात. त्याच्या उत्तरेचं वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, जुनं ठाणे, मिरा-भाईंदर हे सगळं साष्टी. क्षेत्रफळ अंदाजे सहाशे चौरस किलोमीटर. तुलनेसाठी सांगतो, भूमध्य समुद्रातलं माल्टा हे स्वतंत्र राष्ट्र आहे, त्याची सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर भरतात. आपण त्याच्या जवळपास दुप्पट. आणि २०११ च्या जनगणनेत नुसत्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती, मिरा-भाईंदरची ८ लाखांच्या वर. ठाणे वेगळंच. माल्टाला जाणारा पाहुणा पहिल्या दिवसापासून ‘मी बेटावर आहे’ हे जाणून असतो. आपण चाळीस वर्षं राहतो आणि आपल्याला पत्ता नसतो. हे का झालं, आणि त्यानं काय बिघडतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आधी नाव. साष्टी हे ‘षट्षष्टी’ या शब्दाचं रूप. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गावांचा प्रदेश. गोव्यातल्या साष्टीचीही हीच व्युत्पत्ती देतात. पोर्तुगीजांनी आणि इंग्रजांनी त्याचं ‘साल्सेत’, ‘सालसेट’ केलं. हे नाव किती जुनं? परळला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख सापडला. शके ११०८, म्हणजे इ. स. ११८७. त्यात षट्षष्टीतल्या एका गावातल्या वाडीचं उत्पन्न देवाच्या पूजेसाठी दान दिल्याची नोंद आहे. ते गाव म्हणजे आजचं कुर्ल्याजवळचं माहूल असावं, असं अभ्यासक मानतात. लेख संस्कृतात आहे. पण शेवटी हे दान जो मोडेल त्याला जी शिवी घातली आहे, ती मात्र लोकांच्या बोलीत. (हशा) दान देवाला कळलं पाहिजे आणि शिवी शेजाऱ्याला, असा तो हिशेब असावा. विनोद सोडा. सांगायचं हे, की आठशे वर्षांहून अधिक काळ हे नाव वापरात होतं. कागदावर, दगडावर, तोंडात. ते पुसलं गेलं शेवटच्या काही पिढ्यांत.

आता बेटाचा मध्य बघू. साष्टीच्या पोटात डोंगर आहे आणि डोंगरावर जंगल. आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. आपल्या घोडबंदर रस्त्याच्या कडेला चेण्याचं जंगल दिसतं, ते त्याचंच उत्तरेचं टोक. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्या त्या डोंगरात उगम पावतात. बिबट्या तिथेच राहतो आणि अधूनमधून आपल्याकडे चौकशीला येतो.

त्या डोंगरात कान्हेरी. जुनं नाव कृष्णगिरी. शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आसपास सुरुवात आणि त्यानंतर जवळपास हजार वर्षं वस्ती. मी कान्हेरीला जातो तेव्हा मूर्तींच्या आधी पाण्याची टाकी बघतो. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं, आणि कातळावरून पाणी त्यात आणणाऱ्या कोरलेल्या पन्हळी. बेटावर गोडं पाणी जपावं लागतं, हे त्या भिक्षूंना कोणी शिकवावं लागलं नाही.

लेण्यांमधले दानलेख वाचले की बेटाचा शेजार कळतो. दान देणारे आहेत कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे. व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत. हीच कल्याण, सोपारा, चौल ही नावं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात येतात. ‘पेरिप्लस’ म्हणून ते पुस्तक ओळखलं जातं. इजिप्तमधून, तांबड्या समुद्राच्या वाटेनं येणाऱ्या जहाजांसाठी लिहिलेली ती मार्गदर्शिका. कल्याणच्या बंदरात व्यापाराला अडथळे आहेत, तिथे गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा इशारासुद्धा तिच्यात आहे. कल्याण ते कान्हेरी ही वाट पाण्यातून जाते. म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठची माणसं आणि ही डोंगरातली लेणी एकाच व्यापाराच्या दोन टोकांना होती.

कान्हेरीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी. एका लेण्यात पहलवी लिपीत कोरलेली नावं आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांची. पारशी मंडळी लेणी बघायला आली होती आणि नावं कोरून गेली. सहलीला गेल्यावर भिंतीवर नाव लिहायची खोड किती जुनी आहे बघा. (हशा) पण ती साष्टीच्या पाहुण्यांची वहीसुद्धा आहे. पुढे त्या वाटेनं इंग्रज प्रवासी फ्रायर आला १६७५ मध्ये. इटलीतल्या कॅलाब्रियाचा जेमेली करेरी आला १६९५ मध्ये, आणि त्यानं या लेण्यांचं सविस्तर वर्णन लिहिलं. कॅलाब्रिया म्हणजे सिसिली बेटाच्या समोरचा किनारा. मध्ये जेमतेम तीन किलोमीटरची सामुद्रधुनी. सिसिलीची माणसं आजही पलीकडच्या इटलीला ‘खंड’ म्हणतात, इतकी त्यांना स्वतःच्या बेटपणाची जाण. अशा ठिकाणचा माणूस इथे आला, त्याला साष्टी हे बेट आहे हे सांगावं लागलं नसेल.

आता काठ. डोंगर हे बेटाचं पोट असेल, तर इतिहास घडला तो काठावर. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशाहानं वसई आणि तिच्याबरोबर साष्टी, मुंबई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी जे बांधलं ते कुठे बांधलं, एवढं नकाशावर टिपून बघा. ठाणे, घोडबंदर, वर्सोवा, वांद्रे. प्रत्येक ठिकाण खाडीच्या तोंडावर किंवा खाडीच्या वळणावर. आपलं घोडबंदर घ्या. नावातच सगळं आहे, घोड्यांच्या व्यापाराचं बंदर. अरबस्तानातून आलेले घोडे इथे उतरत, अशी परंपरा सांगते. आज आपण ‘घोडबंदर रोड’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे येतो तो ट्रॅफिक. त्या नावातला रस्ता नवा आहे, बंदर जुनं आहे.

१६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना मुंबई आंदण मिळाली. इंग्रज म्हणाले, मुंबई म्हणजे साष्टीसकट. पोर्तुगीज म्हणाले, मुळीच नाही. हा वाद पुढे बराच काळ पुरला. इंग्रजांना साष्टी का हवी होती? मुंबईला शेती थोडी होती. भात, भाजीपाला, लाकूड खाडीपलीकडून येई आणि ठाण्याला पोर्तुगीज जकात घेत. मुंबईचं पोट साष्टीवर होतं. ते आजही आहे, म्हणा.

पण इंग्रजांच्या आधी आले मराठे. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेची सुरुवात ठाण्यापासून झाली. ठाण्याचा किल्ला अजून पुरता बांधून झालेला नव्हता. मराठी फौज कळव्याच्या बाजूनं रात्री खाडी ओलांडून आली. खाडी ओलांडणं म्हणजे भरती-ओहोटीचं गणित. ते परक्या फौजेला कसं यावं? अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं बरोबर होती, ज्यांना हा मुलूख आणि हे पाणी घरच्यासारखं ठाऊक होतं. त्या वर्षात साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला. वसई मात्र दोन वर्षं झुंजली. त्या लढाईत आपल्या शहरातल्या एका जागेला फार महत्त्व आलं. उत्तनजवळ, चौक गावच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला. मुंबईची धारावी नव्हे, ही आपली धारावी. तिच्यासमोर वसईच्या खाडीचं तोंड आहे. तिथे ज्याची तोफ, त्याच्या हाती वसईची समुद्रवाट. धारावी मराठ्यांनी घेतली, आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला करून साष्टी घेतली. नंतरच्या तहांत वसई परत आली, साष्टी नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहानं त्यावर शिक्का बसला.

आता मुद्द्याचा भाग. बेट विसरलं कसं जातं? पुलांनी. मी पुलांच्या विरोधात नाही, पुलाशिवाय मी आज इथे पोचलो नसतो. पण क्रम बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध झाला. १८४५ मध्ये माहीमचा. माहीमच्या बांधासाठी लेडी जमशेदजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. दहिसरच्या नाक्यावर ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांनी या बाईंना मनोमन नमस्कार करावा. (हशा, टाळ्या)

मग १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती ठाण्याला थांबली. ठाण्यालाच का? शाळेत आपण हा प्रश्न विचारला नाही. कारण तिथे बेट संपतं. पुढे खाडी. तिच्यावर पूल झाला आणि पुढच्या वर्षी गाडी कल्याणकडे निघाली. १८६० च्या दशकात पश्चिमेची रेल्वे वसईची खाडी ओलांडून इथे आली, भाईंदरचा पूल झाला. त्याच काळात, १८६० मध्ये, विहार तलाव झाला आणि साष्टीच्या डोंगरातलं पाणी नळानं मुंबईत गेलं. तुळशी, पवई नंतरचे. बेटाचं धान्य पूर्वीच जात होतं, आता पाणी गेलं, आणि बदल्यात माणसं आली. १९८५ मध्ये मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका.

रेल्वेच्या डब्यातून खाडी दोन मिनिटांत मागे पडते. भाईंदर-नायगावच्या मध्ये गाडी पाणजू बेटावरून जाते. किती जणांनी ते गाव खिडकीतून पाहिलंय? हात वर करा. आणि उतरून पाहिलंय? बघा. रोज हजारो माणसं ज्या बेटावरून जातात तिथली माणसं होडीनं ये-जा करतात. आपल्या दृष्टीनं ते ‘बेटावर राहणारे’. आपणही बेटावरच राहतो, फक्त आपलं बेट मोठं आणि पूल जास्त.

विसरल्यानं बिघडतं काय? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, २६ जुलै २००५ ला मिळालं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी कॉलेजातून निघालो तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो, बहुतेक वाट चालत. त्या दिवशी लोक म्हणत होते, ‘पाणी कुठून आलं?’ मला वाटतं प्रश्न उलटा होता. पाणी जाणार कुठे? डोंगरातून चारी बाजूंना उतरणाऱ्या नद्या, आणि दुपारी समुद्राला भरती. भरती असताना बेट पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्या वेळी पाण्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे खारफुटी, खाजण, मिठागरं. त्यांना आपण ‘पडीक’ म्हणून टाकलं होतं.

भाईंदरची मिठागरं ज्यांनी चालू असताना पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की तो पडीकपणा नव्हता. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी मोठ्या खाचरात घ्यायचं. तिथून ते एकेका उथळ वाफ्यात सोडत न्यायचं. ऊन-वाऱ्यानं पाणी आटत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. आणि पावसाळ्यात? तेच वाफे पावसाचं पाणी धरून ठेवतात. उन्हाळ्यात मीठ, पावसाळ्यात तळं. एकाच जमिनीकडून दोन कामं, आणि दोन्ही भरती-ओहोटीच्या हिशेबानं.

तो हिशेब इथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, साधारण सहा वाजता भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. करून बघा आज घरी गेल्यावर. आगरी-कोळी घरांतलं हे ज्ञान, त्याला पदवी नव्हती म्हणून आपण ते ज्ञानात धरलं नाही. मला स्वतःला हे एका मासे विकणाऱ्या आजींनी सांगितलं, तेव्हा माझी पीएच.डी. होऊन वीस वर्षं झाली होती. (हशा)

त्यानंतर काही शहाणपण आलंही. खारफुटीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कडक आदेश दिले. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण निर्णय संपलेले नाहीत. मेट्रो ९ च्या मार्गावर काशीगाव नावाचं स्थानक आहे, आणि ते नाव पाटीवर वाचून मला आनंदच होतो. त्याच मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्ध्याला ठरली, मग डोंगरीला. दोन्हीकडे गावकऱ्यांनी विरोध केला. मेट्रो हवी, हे मी बस-रिक्षाच्या रांगेत उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो. पण डोंगरीचा डोंगर आणि राई-मुर्ध्याची खाजणं यांना नकाशावरची मोकळी जागा समजून बोलणं वेगळं, आणि बेटाचा काठ समजून बोलणं वेगळं. वाद होऊ द्या. वादात ‘बेट’ हा शब्द असावा, एवढंच माझं मागणं आहे.

शेवटी पाहुण्यांसाठी. गावाहून, परदेशाहून पाहुणे आले की आपण त्यांना गेटवेला नेतो. एकदा साष्टी दाखवा. पहिला दिवस कान्हेरी, सकाळी लवकर, आणि परतताना बोरिवलीचं मंडपेश्वर. शैव लेणी आणि त्यांच्यावर पोर्तुगीज मठाचे अवशेष, एकाच खडकावर दोन धर्मांचा इतिहास. दुसरा दिवस घोडबंदरचा किल्ला, वर चढून खाडी बघा, मग भाईंदरच्या धक्क्यावर या. २०२४ पासून तिथून वसईला रो-रो बोट जाते. गाडीनं तासभर घालवण्यापेक्षा पाण्यातून जा, म्हणजे वसई आणि साष्टी समोरासमोर आहेत हे डोळ्यांना पटेल. तिसरा दिवस उत्तन, चौक, गोराई. हिवाळ्यात गेलात तर वलांड्यांवर बोंबील वाळताना दिसतील, आणि वासही येईल, त्याची तयारी ठेवा. संध्याकाळी धारावीच्या टेकडीवर उभे राहा आणि चिमाजी अप्पांनी काय पाहिलं असेल ते पाहा.

[व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलेला प्रश्न : इतके पूल झाले, भराव झाले, आजूबाजूची लहान बेटंही जोडली गेली. मग साष्टीला अजून बेट म्हणायचं कशाच्या आधारे?]

प्रश्न चांगला आहे आणि ग्रीकांनाही पडला होता. क्रीट बेटावरून परतलेल्या थीसिअसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का, यावर तत्त्ववेत्ते भांडत राहिले. साष्टीचंही तसंच. तुर्भे जोडलं, जुहू जोडलं, मढ, धारावी जोडली. काठ रोज बदलतो. मी असं म्हणेन, की नकाशावरून ठरवू नका. कुठल्याही ठिकाणाबद्दल विचारा, तिथल्या जगण्यावर भरती-ओहोटीची सत्ता आहे का? जुलैत, मोठ्या पावसात, भरतीच्या वेळी मिरा रोडच्या रस्त्यावर उभे राहा. गटारातलं पाणी खाली जायचं थांबतं आणि वर येऊ लागतं. ओहोटी लागली की आपोआप उतरतं. महापालिकेला विचारावं लागत नाही. पुलावरून कितीही गाड्या जाऊ देत, पाण्याच्या लेखी साष्टी अजून बेटच आहे.

घरी जाताना आजची तिथी बघा.